हक्काचा शत्रू

परदेशी वास्तव्यास निघालेल्या मराठी माणसाबरोबर त्याचे आप्तेष्ट गोडा मसाला देतात, लोकरी बंड्या देतात, तिकडे पूर्वीच स्थायिक झालेल्या कोणा मावसभावाच्या मेव्हण्याचा पत्ता देतात, आणि मित्र पारखून जोडावेत असा उपदेशही देतात. परंतु तेथे शत्रूची सोय कशी लावावी याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. याचे कारण उघड आहे. आपल्याकडे शत्रू मिळवावा लागत नाही, तो वारसाहक्काने येतो. सातबाराच्या उताऱ्याबरोबर बांधापलीकडचा प्रतिपक्षही मुलाच्या नावे चढतो, आणि ज्याला जमीनजुमला नाही त्याच्याकरिता परमेश्वराने चुलतभाऊ निर्माण केलेले असतात. साताऱ्याकडील आमच्या आप्पाकाकांनी दीड हात रुंदीच्या बांधावरून शेजारच्या गृहस्थांशी जो दिवाणी दावा चालविला, त्यावर दोन्ही पक्षांच्या वकिलांचे बंगले उभे राहिले. परंतु ते शेजारी अखेर वारले, तेव्हा काकांनी सुतक तेवढे पाळले नाही, बाकी अन्नावरची वासना उडणे, बोलता बोलता शून्यात पाहणे, आणि "गेला बिचारा, पण माणूस जबर होता" असे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगणे, ही शोकाची सर्व लक्षणे त्यांच्या ठायी यथासांग प्रकट झाली. पुढे मयताच्या मुलाने वारस म्हणून दाव्यात आपले नाव लावून घेतले, तेव्हा कोठे त्यांना पूर्ववत् भूक लागू लागली.

इंग्लंडात येऊन राहिल्यावर या संस्थेचा अभाव प्रकर्षाने जाणवतो. ज्याच्या पायावर आपण पाय द्यावा तोच येथे आपली क्षमा मागतो. ज्याच्या झाडाची पाने आपल्या अंगणात पडतात तो झाडाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. आणि कचेरीतील ज्या सहकाऱ्याचे मत आपल्या मताच्या सर्वस्वी विरुद्ध असते, तो आपले म्हणणे अत्यंत उद्बोधक असल्याचे सांगून आपल्याच वाटेने निघून जातो. असल्या मुलायम भूमीत वैराचे बी रुजत नाही. परिणामी नवागत मनुष्य वर्षानुवर्षे सर्वांना साधारणपणे आवडणारा आणि कोणालाच विशेष न खुपणारा असा राहतो. आणि माझ्या मते मनुष्य एखाद्या गावचा झाला की नाही, हे त्याला नमस्कार करणारे तेथे किती आहेत यावरून न ठरविता, त्याच्या नावाने दातओठ खाणारा निदान एक तरी इसम तेथे आहे की नाही यावरून ठरविले पाहिजे. मला असा इसम लाभला आहे. गुरुवारी सायंकाळी, ठरल्या वेळेच्या किंचित आधीच, तो आपले सैन्य घेऊन हजर होतो.

मी ज्या नॉटिंगहॅम शहरी राहतो, ते बाहेरच्या जगात रॉबिन हुडकरिता आणि लेसकरिता विख्यात असले, तरी मेजावर चिमुकल्या शिपायांच्या लढाया खेळणाऱ्या पंथाचे ते आद्यपीठ आहे. लंडनात 1975 साली स्थापन झालेल्या आणि 1983 साली 'वॉरहॅमर' हा खेळ बाजारात आणणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्य ठाणे आता याच शहरी असून, तिच्या पदरी उमेदवारी केलेले कित्येक मूर्तिकार पुढे स्वतंत्र होऊन याच पंचक्रोशीत आपापले कारखाने थाटून बसले. त्यामुळे या मुलखाला शौकीन मंडळी 'शिशाचा पट्टा' म्हणतात. आमचे मंडळ मात्र अगदी साधे आहे. चर्चच्या मागील ज्या सभागृहात सोमवारी वृद्धांची कवायत आणि बुधवारी बालिकांचे नृत्य होते, त्याच सभागृहात गुरुवारी युरोपचा नकाशा बदलण्यात येतो. सभासदांत विमा कचेरीतील एक हिशेबनीस आहेत, शाळेत लॅटिन शिकविणारे एक मास्तर आहेत, आणि एक बसचालक असे आहेत की, नेपोलियनच्या कोणत्या पलटणीच्या कोटाच्या कॉलरला कोणता रंग होता हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी ते बिनचूक सांगतील, आणि न विचारले तरी सांगतील.

सहा फूट लांब व चार फूट रुंद मेजावर हिरवे कापड अंथरले, त्याखाली पुस्तके सारून टेकड्या उठविल्या आणि निळ्या पट्टीची नदी सोडली, की रणभूमी सिद्ध होते. दोन्ही सेनापती आळीपाळीने आपली सैन्ये हलवितात. पायदळाने किती आणि घोडदळाने किती कूच करावे हे मोजपट्टीने ठरते. गोळी लागली की हुकली हे फासे ठरवितात. आणि ज्या पलटणीचे बरेच लोक पडले तिला आणखी एकदा फासा टाकून आपण पळणार की उभे राहणार याचा जबाब द्यावा लागतो. सैनिकांची उंची मिलिमीटरांत सांगतात, परंतु तेच सैनिक चालू लागले की अंतर इंचांत मोजतात. या राष्ट्राने दशमान पद्धतीशी केलेला तह याहून निराळा नाही. एक पुतळा म्हणजे वीस, तीस किंवा पन्नास माणसे असे आधीच मुकरर केलेले असते, त्यामुळे मेजावरून एक शिपाई उचलला की अर्ध्या गावात आकांत झाला असे समजावयाचे असते. पण हे सर्व ज्या भाषेत चालते, ती ऐकणाऱ्यास एखाद्या चहापानाचा भास व्हावा. "क्षमा करा, परंतु आपले घोडदळ मला बहुधा कापून काढावे लागेलसे दिसते," असे एकजण म्हणतो, आणि दुसरा आपले घोडेस्वार एकेक करून पेटीत निजवीत, "फारच सुरेख हल्ला," अशी दाद देतो.

या व्यसनाची कुळकथा थोर आहे. चतुरंग सैन्य पटावर मांडण्याची युक्ती आपल्याच भूमीतून इराणमार्गे पश्चिमेस गेली. परंतु बुद्धिबळातला घोडा चिखलात रुतत नाही, हत्ती बिथरून स्वपक्षाला तुडवीत नाही, आणि प्यादे पगार थकला म्हणून घरातच बसून राहत नाही, ही उणीव जर्मन लोकांच्या शिस्तप्रिय मनाला सहन झाली नाही. 1780 साली ब्रुन्सविक येथील हेलविग नामक विद्वानांनी पटावरील घरांना डोंगर, दलदल, नदी यांचे रंग दिले. त्यानंतर फोन रायस्वित्झ या प्रशियन सरदारांनी 1812 साली खणांचे एक भलेमोठे मेज राजे फ्रेडरिक विल्यम तिसरे यांस नजर केले, आणि त्यांचे चिरंजीव तोफखान्यात अधिकारी होते त्यांनी 1824 साली नकाशा, फासे आणि पंच यांसह खेळाचे नियम छापून काढले. प्रशियाच्या सरसेनापतींच्या कार्यालयाचे प्रमुख म्युफलिंग हे तो खेळ पाहावयास काहीशा अनिच्छेने आले, आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षणच आहे असा अभिप्राय देऊन गेले. तेव्हापासून हा छंद असलेल्या प्रत्येक गृहस्थाने आपल्या कुटुंबास हा दाखला देऊन पाहिला आहे. कोणत्याही कुटुंबाने तो ग्राह्य मानल्याचे ऐकिवात नाही.

खेळ सैनिकांच्या हातून सुटून सभ्य गृहस्थांच्या दिवाणखान्यात आला, त्याचे श्रेय एच. जी. वेल्स यांना देतात. मंगळावरील स्वारीची कथा लिहिणाऱ्या या कादंबरीकाराने 1913 साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक प्रसिद्ध करून, हा खेळ बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांकरिता आहे अशी उपशीर्षकातच ग्वाही दिली. वेल्स जमिनीवर रांगत खेळत, आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा उडवून शत्रूचे शिपाई खरोखरच आडवे करीत. ते युद्धाचे कट्टर विरोधक; गालिच्यावर एकदा सेनापतिपद भूषविले, की खऱ्या युद्धात केवढा गोंधळ होत असेल याचा उमज कोणासही पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुस्तक निघाल्यानंतर वर्षाच्या आतबाहेर महायुद्ध पेटले, त्या अर्थी संबंधित सेनापतींच्या दप्तरी ते वेळेवर पोहोचले नसावे. पुढे भुताखेतांच्या चित्रपटांत प्रेक्षकांची गाळण उडविणारे नट पीटर कुशिंग हे वेल्सच्या नियमांनी शिपाई खेळत असल्याचे 1956 साली एका बातमीपटात सर्व इंग्लंडने पाहिले. आणि 1962 साली साउदॅम्प्टनच्या डॉनल्ड फेदरस्टोन यांनी 'वॉर गेम्स' हे पुस्तक लिहून ठिकठिकाणच्या एकांड्या शिलेदारांचा एक संप्रदाय केला. फेदरस्टोन हे पेशाने फिजिओथेरपिस्ट. जमिनीवर रांगणाऱ्या पिढीनंतर सूत्रे गुडघ्यांची निगा राखणाऱ्या मनुष्याच्या हाती जावीत, यात कार्यकारणभाव मी जोडीत नाही. वाचकांनी खुशाल जोडावा.

कोणताही संप्रदाय म्हटला की त्यात पोटभेद हे आलेच. अठ्ठावीस मिलिमीटरवाले, पंधरा मिलिमीटरवाले आणि सहा मिलिमीटरवाले यांच्यात रोटीव्यवहार चालतो, परंतु बेटीव्यवहार नाही. कारण तसल्या मिश्र सैन्यात एका बाजूचा ढोलकीवाला दुसऱ्या बाजूच्या किल्ल्याहून उंच ठरतो. त्याहून मोठी फूट ऐतिहासिक आणि अद्भुत या दोन पंथांत आहे. अद्भुतवाले राक्षस, यक्ष आणि भविष्यकाळातील चिलखती योद्धे लढवितात, आणि ऐतिहासिकवाल्यांना त्यांचा तिटकारा येतो तो राक्षसाच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर राक्षसाच्या कोटाला किती गुंड्या असाव्यात याविषयी कोणताही कागदोपत्री पुरावा उपलब्ध नसल्यामुळे. मात्र रंगकामाच्या बाबतीत सर्व पंथ एक होतात. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या एकाग्रतेने चालते, त्याच एकाग्रतेने हे लोक करंगळीएवढ्या शिपायाच्या डोळ्यांत बुबुळ भरतात. फरक इतकाच की, पेणचा कारागीर चतुर्थीच्या आत काम संपवितो, आणि येथे चतुर्थी कधीच येत नाही. प्रत्येकाच्या घरी न रंगविलेल्या शिपायांचा जो साठा असतो, तो पुरा रंगवून होण्यास सात जन्म लागतील, आणि तरीही प्रत्येक प्रदर्शनातून तो आणखी एक पलटण खरेदी करून कोटाच्या आत लपवून घरी आणतो. माझ्याही जेवणाच्या मेजावर अर्धवट रंगलेली फौज तळ देऊन असते, आणि "अहो, या लोकांची पंगत आधी उठणार असेल तर मी पानं घेते," अशी सूचना घरून वरचेवर होत असते.

आणि मग नियम! नियमांचे पुस्तक शंभर पानी असते, आणि लढाई प्रत्यक्षात मेजावर होत नसून त्या पुस्तकाच्या समासात होते. एखाद्या टेकडीआडून तोफेला पलीकडचे स्वार दिसतात की नाही एवढ्या मुद्द्यावर फिर्याद दाखल होते. फिर्यादी कलमाचा आधार देतो, प्रतिवादी त्या कलमाच्या पोटकलमाकडे लक्ष वेधतो. मागील हंगामातील एका लढाईचा निवाडा दाखला म्हणून पुढे येतो. आणि अखेर स्थळपाहणीचा हुकूम होऊन, दोन प्रतिष्ठित पेन्शनर गृहस्थ हनुवटी मेजाला टेकवून, एक डोळा मिटून, शिशाच्या गोलंदाजाच्या दृष्टीने जगाकडे पाहू लागतात. आमचे पंच म्हणजे ते लॅटिनचे मास्तर. ते दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून घेतात, चष्मा पुसतात, आणि ज्या निर्णयाने दोन्ही पक्ष सारखेच असंतुष्ट होतील असा निर्णय देतात. निःपक्षपातीपणाची याहून चोख व्याख्या मला ठाऊक नाही.

आता माझ्या प्रतिपक्षाविषयी. हे उंच, कृश, निवृत्त पशुवैद्य आहेत. आयुष्य गाईघोड्यांच्या सहवासात गेल्यामुळे माणसांविषयी त्यांच्या अपेक्षा बेताच्या, पण घोड्यांविषयी अत्यंत काटेकोर. चौखूर धावणाऱ्या घोड्याचा मागला उजवा पाय तसा पडणे शरीरशास्त्रदृष्ट्या अशक्य आहे, या कारणास्तव त्यांनी माझे अख्खे रिसाले तपासून नापास केलेले आहेत. मी मंडळात प्रथम गेलो आणि मी मराठी असल्याचे सांगितले, तेव्हा बाकीच्यांनी नुसते स्मित केले. यांच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले. असईच्या लढाईकरिता शिंद्यांच्या कवायती पलटणी, तोफा, बैल, सर्व काही त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच रंगवून सिद्ध ठेवले होते. खोळंबा केवळ शिंद्यांचा होता.

23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झालेली ही लढाई आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकते, परंतु पुढे वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या आर्थर वेलस्ली यांनी ती जिंकली असल्यामुळे या पशुवैद्यांना तिचा प्रत्येक ओहोळ तोंडपाठ होता. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात माझी सेना उभी होती. तिचा तपशील ऐकताना मला प्रथमच कळले की, तोफा व कवायती पायदळ प्रत्यक्ष ज्याच्या हुकमतीखाली होते तो पोलमन हा हानोवरचा जर्मन. उलट वसईच्या तहामुळे पेशव्यांचे स्वार त्या दिवशी वेलस्लींच्या बाजूला उभे होते. तात्पर्य, मेजाच्या एका अंगास मी जर्मनाला हुकूम सोडीत होतो, आणि दुसऱ्या अंगास यॉर्कशरचे पशुवैद्य पुण्याच्या स्वारांना. परकीय भूमीवर राष्ट्राभिमान जागृत ठेवण्याच्या मार्गात इतिहास असल्या अडचणी वारंवार आणतो.

पहिलाच तंटा उतारावरून झाला. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असता, काठावर पिंपळगाव आणि त्याच्या समोरच दुसरे एक गाव पाहून, अशा दोन गावांत जाणेयेणे असणारच असे अनुमान वेलस्लींनी केले, आणि ते खरे ठरून त्यांची फौज नदी उतरली, हे प्रसिद्ध आहे. मी हरकत घेतली. दोन गावे समोरासमोर असली की त्यांच्यात उतार असतो हे गृहीतकृत्यच चुकीचे असून, आमच्या मुलखात दोन गावे समोरासमोर असली की त्यांच्यात दावा असतो, असे मी पंचांपुढे सप्रमाण मांडले. पंचांनी ते टिपून घेतले आणि फेटाळले. नदी उतरून आलेल्या शत्रूसमोर माझ्या जर्मनाने, इतिहासात केले होते त्याप्रमाणेच, साऱ्या फळीचे तोंड शिस्तीत फिरविले, आणि शंभराहून अधिक तोफांच्या माऱ्यापुढे त्यांची स्कॉटिश पलटण असईच्या भिंतींपाशी खरोखरच विरघळू लागली. प्रत्यक्ष लढाईत वेलस्लींचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले होते, आणि थोर विजयांनी भरलेल्या आयुष्याच्या उतरणीवरही त्यांनी आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचेच नाव घेतले होते. ते का, याचा उलगडा पशुवैद्यांच्या चेहऱ्यावरून मला होऊ लागला.

परंतु या मंडळींनी इतिहासाचा अभ्यास करताना आमच्या स्वभावाचाही केला होता. नागपूरकर भोसल्यांची तुकडी हलविण्यापूर्वी मला दर वेळी निराळा फासा टाकावा लागे, आणि दान कमी पडले तर भोसले जागचे हलत नसत. यशवंतराव होळकरांकरिता तर स्वतंत्र कलम होते. शिंदे आणि भोसले लढत असेतोवर ते अलिप्त राहिले असल्यामुळे, दोन्ही फाशांवर एकदमच सहा पडतील तरच ते येतील, म्हणजे छत्तिसांत एक वेळ, असे ठरले होते. भाऊबंदकीचे असे त्रैराशिक मांडलेले मी आजवर कोठे पाहिले नव्हते, आणि ते मांडणाऱ्याने थोडी उदारताच दाखविली होती असे म्हणणे प्राप्त आहे.

आणि बारा पडले! होळकर आले! सभागृहात शांतता पसरली. शेजारच्या मेजावरील वॉटर्लू थांबले. पंचांनी गंभीरपणे होळकरांची पेटी उघडली, तो आत सर्व स्वार नुसते करड्या अस्तराच्या रंगात. कारण ते कधी काळी येतील असे कोणाच्याही स्वप्नात आले नसल्यामुळे त्यांच्यावर पुढचा हात फिरविण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आमच्या मंडळाच्या घटनेचे पहिलेच कलम असे आहे की, न रंगविलेल्या सैन्यास मेजावर प्रवेश नाही. दोनशे वर्षांनी होळकर शिंद्यांच्या मदतीस धावले, आणि त्यांना वेशीवर अडविले ते रंगाच्या डबीने. पंच चष्मा पुसू लागले. तेवढ्यात माझा शत्रू उठला, बाहेर गाडीपाशी गेला, आणि इजिप्तच्या मोहिमेकरिता आपण स्वतः रंगविलेल्या मामलुक स्वारांची पेटी आणून त्याने माझ्या पुढ्यात ठेवली. "मला आपला पराभव करावयाचा आहे," तो म्हणाला, "पण अस्तराच्या जिवावर नव्हे." त्या मामलुकांनी त्याच्याच डाव्या बगलेची जी दाणादाण उडविली, तिचे वर्णन करण्यास मला संकोच वाटतो, निदान तो हजर असताना तरी वाटतो.

आमच्या सर्व लढाया रात्री दहाच्या ठोक्याला रखवालदाराने किल्ल्यांचा जुडगा वाजविला की संपतात, आणि युरोपच्या इतिहासात याहून परिणामकारक तहनामा झालेला नाही. असई गाव त्याच्या ताब्यात होते, तोफा माझ्या. दोघांनीही विजयाचा दावा केला, आणि पंचांनी निकाल राखून ठेवला. तो अद्याप राखून ठेवलेला आहे. दूरध्वनीवर आप्पाकाकांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा लढाई कोणती, शिंदे कोण, शिसे कशाला, यातील काही न विचारता त्यांनी एकच प्रश्न केला, "निकाल लागला नाही ना? मग झालं! आता घाई करू नकोस." गेल्या कित्येक वर्षांत माझ्या परदेशातील प्रगतीविषयी त्यांनी व्यक्त केलेले हे पहिलेच समाधान होय.

तेव्हापासून आमचे वैर नीट मार्गी लागले आहे. मला ताप आला असता खबर घेण्याकरिता सर्वप्रथम त्याचाच दूरध्वनी आला, आणि गुरुवारपर्यंत उठता येईल ना, अशी त्याने कळकळीने चौकशी केली. त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मीही त्याच्या उशाशी बसून, पोलमनने तोफा आणखी मागे मांडल्या असत्या तर काय झाले असते, या विषयाने त्याच्या वेदना वाढविल्या. स्नेह्यांच्या भेटी सवडीवर अवलंबून असतात, शत्रूच्या भेटीला मात्र खंड पडून चालत नाही.

सांप्रत त्याने पानिपत काढले आहे. 14 जानेवारी 1761 ची ती लढाई मेजावर मांडावयाची, तर सदाशिवरावभाऊंचे पद आपल्याकडे असावे असा त्याचा आग्रह आहे, कारण भाऊंपेक्षा आपण ती पुष्कळ बरी लढवू अशी त्याची मनोमन खात्री आहे. आणि न्यायबुद्धीने पाहता अब्दाली व्हावयास मंडळात माझ्याखेरीज दुसरा कोणी उरत नाही. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी त्याने रंगविल्या, तोफा रंगविल्या, आणि लष्कराबरोबर निघालेले यात्रेकरू व बायकामुले यांच्यावाचून पानिपत म्हणताच यावयाचे नाही, म्हणून आता तो नऊवाऱ्यांच्या काठांचे रंग मला विचारीत आहे. मी ते सांगतो आहे. दुराणी फौज केव्हा सज्ज होणार असा त्याचा तगादा मात्र दर गुरुवारी असतो, आणि सैन्य मोठे आहे, उंटांवरच्या जंबुरकांचे काम फार नाजूक आहे, अशी मुदतवाढ मी दर गुरुवारी मागून घेतो. वस्तुस्थिती अशी आहे की, अब्दालीचे सर्व स्वार माझ्या मेजावर अस्तराच्या करड्या रंगात उभे आहेत. आणि मंडळाच्या घटनेचे पहिले कलम जोवर अमलात आहे, तोवर तो यमुना उतरणार नाही याचा बंदोबस्त मी जातीने ठेवला आहे.